सहावी पटकथा

पत्राचा सारांश: नाशिकच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय ३६. दिंडोरी रस्त्यावरच्या एका द्राक्ष निर्यातीच्या पॅकहाऊसमध्ये त्या माल तपासण्याचं काम करतात. गेली चौदा वर्षं एका हौशी नाट्यसंस्थेत आहेत. विंगेतल्या प्रॉम्प्टिंगपासून सुरुवात झाली, आता नव्या संहितेचं पहिलं वाचन त्यांच्याकडे असतं. मुंबईतल्या एका निर्मात्याच्या ऑफिसात मैत्रीण नोकरीला आहे. तिच्यामार्फत त्यांना चित्रपटांच्या पटकथा वाचून अहवाल लिहिण्याचं काम मिळालं, एका पटकथेला ७०० रुपये. पाच अहवाल पसंत पडले आणि आता दर महिन्याला आठ पटकथा देऊ, असं ऑफिस म्हणतंय. पण सहावी पटकथा निघाली त्यांच्याच संस्थेच्या दिग्दर्शक सरांची. ४० पानं वाचून त्या थांबल्या, कारण ती जमलेली नाही. त्या विचारतात : ‘मी एकही पटकथा लिहिलेली नाही. सिनेमाचं शिक्षण नाही. दुसऱ्याच्या वर्षभराच्या कष्टांवर शेरा मारण्याचा मला काय अधिकार? पटकथा वाचायला पात्र माणूस म्हणायचं तरी कुणाला? आणि सरांच्या पटकथेचं काय करू?’

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वाचनात एक गोष्ट टोचली. पहिल्या पाच लेखकांच्या वेळी तुम्हाला अधिकाराचा प्रश्न पडला नव्हता. वाचलंत, लिहिलंत, पाठवलंत, पैसे घेतलेत. त्यात गैर काहीच नाही. सहाव्या गठ्ठ्यावर ओळखीचं नाव दिसलं आणि एकाएकी शिक्षण कमी वाटायला लागलं. ते पाच जणही कुणाचे तरी सर असतील की! तेव्हा पात्रतेची आणि सरांची ही दोन सुतं आधी वेगळी करू. पात्रतेचं पहिल्यांदा.

आपल्याकडे पटकथा-वाचक होण्यासाठी ना परीक्षा आहे ना परवाना. पुण्याच्या एफटीआयआय या सिनेमाच्या सरकारी संस्थेत पटकथालेखन शिकवतात, पण ते लिहिणाऱ्यांसाठी. मुंबईत स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे, तीही लेखकांची. हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंमध्ये मात्र पगारी वाचक असतात, त्यांना स्टोरी अ‍ॅनालिस्ट म्हणतात, आणि गंमत म्हणजे त्यांची युनियन संकलकांचीच आहे : मोशन पिक्चर एडिटर्स गिल्ड, लोकल ७००. मला ही सोयरीक फार आवडते. सिनेमाच्या एका टोकाला वाचक बसतो, दुसऱ्या टोकाला संकलक, आणि दोघंही एकच विचारत असतात : हा प्रसंग काढला तर काय अडेल?

इथे हा धंदा रुजला नाही, त्याचं कारण तुम्ही नाटकवाली असल्यामुळे तुम्हाला लगेच पटेल. आपला सिनेमावाला कथा वाचत नाही, ऐकतो. ‘नरेशन’ देणारा उठून उभा राहतो, सगळ्या भूमिका करून दाखवतो, पार्श्वसंगीतसुद्धा तोंडाने वाजवतो. समोरचा भारावतो आणि होकार देतो. नंतर कागद हातात घेतला की त्यातलं अर्धं कागदावर नसतंच. ते सांगणाऱ्याच्या गळ्यात होतं. ऑफिसांना आता वाचक हवे आहेत ते यासाठी. सांगणारा समोर नसताना उरतं काय, हे कुणीतरी थंड डोक्याने बघायला हवं.

तुम्ही पटकथा लिहिलेली नाही, हा तुमचा सगळ्यात मोठा सल. पण तुम्ही द्राक्षबाग तरी कुठे लावली आहे? तरीही शेतकरी तुमच्या टेबलापाशी क्रेट उघडतो, तेव्हा तुम्ही रिंग घेऊन मण्याचा आकार बघता, रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकून गोडी बघता आणि सांगता. त्याने वर्षभर राबून माल आणलाय हे तुम्हाला माहीत असतं, म्हणून तुम्ही रिंग मोठी करत नाही. लिहिण्याचा अनुभव असला तर उपयोग होतोच, नाही असं नाही. पण त्याचा त्रासही होतो. लिहिणारा माणूस दुसऱ्याची पटकथा वाचताना मनात स्वतःची लिहायला लागतो आणि अहवालात ‘इथे बहिणीऐवजी भाऊ असता तर’ अशा सूचना उतरतात. ऑफिसने ते विचारलेलंच नसतं.

ऑफिसने काय विचारलंय, हे एकदा नीट बघा. एकाच संहितेचे वाचक किती तरी असतात. नाटकाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. तिथला वाचक बघतो, हे रंगमंचावर येऊ द्यायचं का. नट वाचतो तेव्हा तो स्वतःची पानं मोजतो. साईखेडकर नाट्यगृहात राज्य नाट्य स्पर्धेचे परीक्षक बसतात, ते तर झालेला प्रयोग बघतात, कागद नव्हे. तुमचा अहवाल ज्याच्यासाठी आहे, त्या माणसाकडे महिन्याला ढिगाने पटकथा येतात आणि वेळ नसतो. तुम्ही त्याला सांगताय, ‘यावर तुमचे दोन तास घालवा’ किंवा ‘घालवू नका’. कुणाच्या कष्टांवर शेरा मारण्याचा यात संबंध येत नाही. अहवाल लेखकासाठी लिहिलेलाच नसतो. म्हणून त्याला शिकवण्याचा सूर लावू नका, आणि टोमणे तर मुळीच नकोत. वाचक कंटाळला की त्याला विनोद सुचायला लागतात, हा माझा स्वतःबद्दलचा अनुभव आहे.

मग पात्र वाचक ओळखायचा कसा? मी तर त्याने लिहिलेला सारांश मागवते आणि बाकी काही विचारत नाही. अभिप्राय कुणीही झोकात लिहितो. ‘दुसरा अंक रेंगाळतो’, ‘नायिकेला पुरेसा वाव नाही’ ही वाक्यं तर पटकथा न वाचताही लिहिता येतात! सारांशात लबाडी चालत नाही. शंभर पानांची गोष्ट दीड पानात, शेवटासकट, लेखकाने जशी मांडली तशी. न आवडलेल्या पटकथेचा सारांश लिहिताना हात आपोआप तिरका पडतो. ‘मग अचानक’, ‘कसं कोण जाणे’ असे शब्द घुसतात. उलट आवडलेल्या पटकथेत लेखकाने न भरलेली भोकं आपणच बुजवून टाकतो. तुमचे आधीचे पाच सारांश काढा आणि स्वतःला विचारा : हे त्या लेखकाच्या हातात पडलं तर त्याला आपला सिनेमा ओळखू येईल का? येत असेल तर तुमची निम्मी पात्रता तिथेच सिद्ध झाली. सारांश हल्ली यंत्रही काढून देतं, म्हणून सांगून ठेवते : दुसऱ्याची अप्रकाशित पटकथा अशा कुठल्याही ॲपमध्ये ऑफिसला न विचारता टाकायची नाही.

उरलेली निम्मी म्हणजे दुखणं कुठे आहे ते पानावर बोट ठेवून दाखवणं. इथे तुमचं प्रॉम्प्टिंग कामाला येईल. विंगेत पुस्तक धरून बसलेल्या माणसाला एक गोष्ट कळते, जी पहिल्या रांगेतल्या जाणकाराला कळत नाही. एक नट एका वाक्याला अडखळला तर त्याचं पाठांतर कच्चं असतं. तीन वेगवेगळे नट त्याच वाक्याला अडखळले तर वाक्यातच खोट असते, आणि बहुतेकदा ती त्या वाक्यात नसून चार पानं आधी असते. पटकथेतही हेच. ७० व्या पानावर कंटाळा आला, हे झालं लक्षण. २० व्या पानापर्यंत या बाईला नक्की काय हवंय ते पेरलंच नव्हतं, हे झालं कारण. वाचताना फक्त लक्षणं टिपा : पान नंबर आणि शेजारी एक फुली. विचार करायला थांबू नका. शक्यतो एका बैठकीत वाचा, कारण प्रेक्षकही एका बैठकीत बघणार आहे. कारणं नंतर शोधा, फुल्यांपासून मागे चालत जाऊन.

तुम्ही पत्रात सहज लिहिलंय, ‘पन्नास पानांत मला शेवट कळतो’. अभिमानाने लिहिलंय, म्हणून सांगताना जरा वाईट वाटतं, पण याचं भांडवल करू नका. ज्यांचा शेवट पहिल्या प्रवेशापासून ठाऊक असतो, अशीही नाटकं आपण रडत बघतो. शेवट कळला म्हणून पटकथा वाईट ठरत नाही. कळल्यावरही पान उलटावंसं वाटलं का, ते लिहा.

नाटकातून येणाऱ्यांना आणखी एक सवय मोडावी लागते. आपल्याला संवाद ऐकू येतात आणि चांगला संवाद आला की आपण विरघळतो. एक प्रयोग करा : कुठलीही दहा पानं घ्या, संवादांवर कागद ठेवा आणि उरलेल्या ओळींवरून काय घडलं ते सांगा. काहीच सांगता आलं नाही, तर ते नाटक आहे, कदाचित उत्तमही असेल. आपल्या त्र्यंबकला जन्मलेल्या फाळक्यांनी १९१३ साली सिनेमा दाखवला, तेव्हा पडद्यावरून एकही शब्द ऐकू येत नव्हता. लोकांना राजा, राणी आणि स्मशान कळलं ते डोळ्यांनी. पटकथेच्या वाचकाला खर्चाचंही भान लागतं. ‘रामकुंडावर सिंहस्थाची गर्दी’ हे लेखकासाठी तीन शब्द आहेत. निर्मात्याची मात्र तेवढ्यानेच झोप उडते. तुम्हाला आकडा काढता येण्याची गरज नाही, पण त्या ओळीखाली रेघ मारता आली पाहिजे.

मांडणीबद्दल फार बोलत नाही. एक पान म्हणजे एक मिनिट हा नियम कुरिअर टाइपात, ठरावीक समासात छापलेल्या इंग्रजी पटकथेचा. मराठीत कुणी देवनागरीत लिहितं, कुणी कृती इंग्रजीत आणि संवाद देवनागरीत, कुणी पान उभं दुभागून. पानांवरून लांबी ठरवायच्या फंदात पडू नका. एखादा प्रसंग घड्याळ लावून मोठ्याने वाचा.

आता ज्यावर मी खरोखर ठेच खाल्ली आहे ते सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे एक पटकथा आली होती, बागलाणातल्या एका कुटुंबाची. संवाद निम्मे अहिराणीत. मी नाशिक शहरात वाढलेली. अहिराणी समजते असं आपण सगळेच म्हणतो. मी लिहिलं, ‘पात्रं अकारण तुटक बोलतात, विहिरीवरचा प्रसंग रटाळ.’ पटकथा परत गेली. माझ्या एकटीमुळे गेली असं नाही, पण माझा कागद त्या फायलीत होता. पुढे वर्षभराने सटाण्याकडे एका घरगुती वाचनात तोच विहिरीवरचा प्रसंग मोठ्याने वाचलेला ऐकला. वाचणारे दोघं तिथलेच होते. ज्या ओळींपुढे मी फुल्या मारल्या होत्या, त्या ओळींना माणसं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. त्या तुटकपणातच सगळी थट्टा होती. माझ्या कानाला ती ऐकू आली नव्हती, आणि मी माझ्या कानाचा दोष लेखकाच्या नावावर लिहून मोकळी झाले होते.

तेव्हापासून मी अहवालाच्या वर दोन ओळी लिहिते : या विषयाचं, या बोलीचं, या जातकुळीच्या सिनेमाचं मला किती कळतं. भयपट मला आवडत नाहीत, तर तसं लिहिते. वाचणाऱ्याला माझ्या मताचं वजन करायला ते बरं पडतं. तुमच्या कामात हे रोजचंच आहे : जो माल औषधांच्या अंशापायी युरोपच्या गिऱ्हाइकाला चालत नाही, तो दुसऱ्या बाजारात उभा राहतो, म्हणून ‘नापास’च्या पुढे ‘कुणासाठी’ हे लिहावं लागतं. आणि एक माल नाकारला तरी ‘बाग चांगली आहे, पुढच्या वर्षी लक्ष ठेवा’ असंही तुम्ही सांगताच ना? परदेशी पद्धतीच्या अहवालात यासाठी वेगळा रकाना असतो : पटकथेबद्दल एक मत, लेखकाबद्दल दुसरं. पटकथा नाकारून लेखकाला बोलवा, असं म्हणता येतं. हा रकाना रिकामा सोडू नका. नव्या लेखकांचं खूप काही त्यावर अवलंबून असतं.

पैशांचं थोडक्यात. मला शंभर पानी पटकथा वाचायला दोन तास लागतात आणि अहवालाला तेवढेच. म्हणजे तुम्हाला तासाला पावणेदोनशे रुपये मिळताहेत. महिन्याला आठ म्हणजे नोकरी सांभाळून वरचे बत्तीस तास. हंगामात पॅकहाऊस रात्री उशिरापर्यंत चालतं, तेव्हा हे जमणार नाही. थकलेला वाचक सगळ्या पटकथांना ‘बरी आहे’ म्हणतो. चारच घ्या आणि दर दुप्पट मागा. फार तर नाही म्हणतील.

तोंड बंद ठेवण्याबद्दल मात्र थोडक्यात सांगून भागणार नाही, कारण तुमच्यासारखे वाचक नाट्यसंस्थांमधून येतात आणि आपल्या संस्थांमध्ये तालमीनंतरच्या चहाला काहीच गुपित राहत नाही. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली स्पष्ट केलं की नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो. कल्पना ज्या रूपात मांडली त्या रूपावर असतो. तो खटलाही एका नाटकावरून सिनेमा उचलला, या तक्रारीचाच होता. याचा अर्थ असा की तुम्ही कट्ट्यावर सहज सांगितलेली एखाद्या पटकथेतली भन्नाट कल्पना दुसऱ्याने उचलली, तर मूळ लेखकाला कायद्याचा आधार मिळणं अवघड. कायदा जिथे थांबतो, तिथे वाचकाची जबाबदारी सुरू होते. आणि उद्या तुम्हाला स्वतःला लिहावंसं वाटलं, तर तुमच्या कल्पना तारखेसह वहीत नोंदवून ठेवा. त्यातल्या एखाद्या कल्पनेसारखी पटकथा वाचायला आली, तर तिसऱ्या पानावर बंद करून परत पाठवा.

तर आता सर.

तुमच्यापुढे तीन वाटा दिसताहेत. खरं लिहायचं, ऑफिस वाचकाचं नाव कळवत नाही, सरांना कधी कळणार नाही. किंवा जरा हात सैल सोडायचा, ‘विचार करण्याजोगी’ म्हणायचं. किंवा परत करायची. दुसरी वाट तुम्हालाही नकोच आहे, नाही तर पत्र लिहिलं नसतंत. पहिली धाडसाची वाटते खरी, पण माझा तिच्यावर विश्वास नाही, आणि त्याचं कारण सरांचा राग किंवा गुरुद्रोह वगैरे नाही. चौदा वर्षं तुम्ही त्यांना संहिता वाचून दाखवताना ऐकलंय. ती ४० पानं तुम्ही त्यांच्याच आवाजात वाचली असणार. कदाचित त्या आवाजाइतकं कागदावर काही सापडलं नाही म्हणून ती जास्तच फिकी वाटली असतील. कदाचित उलट, आवाजामुळे आहेत त्यापेक्षा बरीही वाटली असतील. तुम्हाला ते कळणार नाही, मलाही कळलं नसतं. पाच पटकथांना तुम्ही पात्र वाचक होतात, या एकीला नाही.

म्हणून परत करा. मैत्रिणीला फोन करू नका, ऑफिसला दोन ओळींचा मेल लिहा : ‘लेखक माझ्या परिचयाचे आहेत. ही पटकथा कृपया दुसऱ्या वाचकाकडे द्यावी.’ वाचलेल्या ४० पानांबद्दल अवाक्षर नको. ‘ओळखीचे आहेत म्हणूनच विचारतोय, माणूस कसा आहे?’ असा प्रश्न आला तरी नको. छोटं ऑफिस आहे, दुसरा वाचकच नाही, असं ते म्हणाले, तर मग पूर्ण वाचून लिहा, पण पहिल्या ओळीत ‘मी यांच्या संस्थेत चौदा वर्षं काम करते’ हे असू द्या. पुढचं त्यांचं त्यांनी ठरवावं.

यातलं सरांना काहीही सांगायचं नाही, पटकथा माझ्याकडे आली होती हेसुद्धा नाही. उद्या त्यांनी स्वतः तुमच्या हातात ती दिली आणि ‘वाच, कशी वाटते सांग’ म्हणाले, तर ते वाचन वेगळं; तिथे तुम्ही त्यांच्यासाठी वाचत असाल, तासभर बसून बोलाल, कुठे काय बदलायचं तेही सुचवाल. तोवर तालमीला नेहमीसारखं जा. विषय निघाला तर चहा सांगा.

जाता जाता एक. ऑफिसच्या फॉर्मवर शेवटी पास, कन्सिडर, रेकमेंड असे तीन पर्याय असतील. त्यांच्या भाषेत ‘पास’ म्हणजे ही आम्हाला नको. आपल्याकडे दहावीपासून पास म्हणजे पेढे! या एका शब्दापायी नाकारलेल्या पटकथेच्या लेखकाला अभिनंदनाचा फोन गेलेला मी पाहिला आहे. मराठीत ‘नाकारावी’ असं सरळ लिहा. आणि मेल आज रात्रीच पाठवा, एक्केचाळिसावं पान न उघडता.